एम ५३.३ ऊर्फ माकडहाड

काही आकडे डोक्यातून जाता जात नाहीत. पहिल्या मोबाईलचा नंबर, बारावीचा सीट नंबर, कॉलेजला जाणाऱ्या बसचा नंबर... माझ्या यादीत आणखी एक आहे, ७२४.७. कारण सांगतो. २०१५ च्या आधीची दोन-तीन वर्षं मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. तिकडे रोगांच्या कोडचं जुनं पुस्तक जाऊन नवं येणार होतं, आणि जुन्या कोडसमोर नवा कोड मांडायचा असं एक अगडबंब टेबल आमच्या टीमच्या गळ्यात पडलं होतं. हजारो ओळी. बहुतेक ओळींकडे मी सुतारानं खिळ्यांकडे बघावं तसं बघितलं. ७२४.७ वर मात्र थांबलो, कारण तिच्यापुढे लिहिलेला आजार आमच्या घरातला होता. माकडहाडाचं दुखणं.

आता हे कोड म्हणजे काय भानगड, ते आधी. डॉक्टर म्हणतो "माकडहाड दुखतंय", दुसरा म्हणतो "कॉक्सिडिनिया", तिसरा "कॉक्सिगोडिनिया" लिहितो आणि चौथ्याचं अक्षर कुणालाच लागत नाही. चौघांच्या चार गोष्टी एकाच खान्यात मोजता याव्यात म्हणून प्रत्येक आजाराला एक ठरावीक चिन्ह दिलेलं असतं. डेटाबेसवाल्यांना वेगळं सांगायला नको, ही एक प्रायमरी की आहे झालं. पण ही की कुणी ठरवली, कशासाठी ठरवली आणि तिच्यात कोण सुटलं, हा इतिहास मला त्या टेबलापेक्षा कितीतरी जास्त रंजक वाटला. माकडहाड हे त्या सुटलेल्यांपैकीच एक.

हे हाड म्हणजे पाठीच्या कण्याचं अगदी खालचं टोक. तीन ते पाच छोटे मणके, काही एकमेकांना चिकटलेले, काही जरासे हलणारे. ग्रीकांना त्याचा आकार कोकिळेच्या चोचीसारखा दिसला म्हणून कॉक्सिक्स. आपल्याला त्यात माकडाची गळून पडलेली शेपटी दिसली. (शेपटीचा अवशेष हे डार्विनने १८७१ च्या पुस्तकात रीतसर मांडलं; आमच्याकडे ते नावातच आहे.) सुश्रुतसंहितेत शरीरातली एकूण ३०० हाडं मोजली आहेत, त्यातली पाच कटीच्या भागात, आणि त्यात गुदाजवळचं हाड वेगळं धरलेलं आहे. म्हणजे हाडं मोजणाऱ्यांनी त्याला कधी वगळलं नव्हतं. वगळलं ते दुखणी मोजणाऱ्यांनी.

दुखण्याला आजचं नाव मिळालं १८५९ साली, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसनकडून. तसं त्याआधी १८४४ मध्येच अमेरिकेत अलाबामातल्या जोसाया नॉट नावाच्या सर्जनने असह्य दुखणारं माकडहाड कापून काढल्याचं लिहून ठेवलंय. ते वर्ष लक्षात घ्या. अजून ईथरही आलं नव्हतं आणि क्लोरोफॉर्मही. त्या पेशंटचा विचार करवत नाही. क्लोरोफॉर्म आणलं ते याच सिम्पसनने, १८४७ मध्ये, आणि तेही मुख्यतः बाळंतिणींच्या वेदनेसाठी. तो प्रसूतीचा डॉक्टर होता. या दुखण्याला नाव देणारा माणूस प्रसूतीचा डॉक्टर असावा हा योगायोग नाही. बाळाचं डोकं बाहेर येताना माकडहाड मागे ढकललं जातं, ते बहुतेक वेळा परत जागेवर येतं, आणि काही वेळा येत नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणं साधारण पाचपट दिसतं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. सिम्पसनच्या समोर त्या बायका येत होत्या आणि त्याने त्यांचं म्हणणं खरं मानलं, ही त्याची मोठी गोष्ट.

सिम्पसनच्या क्लोरोफॉर्मचा आमच्या भागाशी एक लांबचा संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं गाव शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. (पुण्यात "शिरूर" म्हटलं की लोक "अच्छा, घोडनदी!" म्हणतात. नाही हो. ते वेगळं.) आमचा निलंगा-उदगीरचा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. त्याच निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. एडिंबरोत शिकलेला एडवर्ड लॉरी हा तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, यासाठी शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकांत त्यावर रणकंदन माजलं. लॉरी म्हणाला श्वासच. पुढे १९११ मध्ये लेव्हीने दाखवलं की हृदयही अचानक थांबू शकतं. सांगायचा मुद्दा असा की वेदना कशी बंद करावी यावर जगातलं एक मोठं संशोधन आमच्या राजधानीत झालं. आणि त्याच राज्यातल्या एका खेड्यात कुणाला कुठली वेदना आहे, हे लिहून ठेवायला मात्र कुठेच जागा नव्हती.

कारण नोंद व्हायची ती मरणाची.

रोगांच्या कोडचं सगळं घराणंच मरणातून जन्मलंय. इंग्लंडमध्ये विल्यम फारने १८३० च्या दशकाच्या शेवटी मृत्यूंच्या कारणांची नीट वर्गवारी सुरू केली. १८६० च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हॉस्पिटलातल्या आजाऱ्यांच्याही एकसारख्या नोंदी ठेवा असं सुचवलं, पण सरकारांना मेलेल्यांचाच हिशेब जास्त निकडीचा वाटला. १८९३ मध्ये शिकागोला पॅरिसच्या जाक बर्तियाँने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. ती तीन आकारांत होती, ४४, ९९ आणि १६१ कारणांची, ज्याला जेवढी झेपेल तेवढी त्याने घ्यावी. (लाइट, स्टँडर्ड आणि एंटरप्राइज एडिशन. जगात काही नवीन नाही.) १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांच्या प्रतिनिधींनी ती सुधारून स्वीकारली. आज ज्याला आयसीडी म्हणतात त्याची ही पहिली आवृत्ती.

माकडहाडाने कुणी मरत नाही. त्यामुळे या यादीत त्याला दार बंद होतं.

खाना नसला की वस्तू दिसत नाही, हे फक्त दुखण्यांच्या बाबतीत खरं आहे असं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने प्लेग ओळखला. त्यानंतरही कितीतरी मृत्यू मुंबईच्या दफ्तरात ताप किंवा छातीचे विकार म्हणून चढत राहिले. कारण नाव प्लेगचं घातलं की घर रिकामं करणार, माणसं तपासायला नेणार. लोक लपवायचे, आणि तापाचा खाना सगळं पोटात घ्यायला तयार होता. त्या वर्षांत प्लेगने किती माणसं गेली हे काढायला लोकांना "नेहमीपेक्षा किती जास्त मेले" असा उलटा हिशेब करावा लागला. कोविडमध्ये आपण हाच शब्दप्रयोग पुन्हा ऐकला, आठवतंय?

असो. १९४८ मध्ये दोन गोष्टी झाल्या ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या कायमच्या जोडल्या गेल्यात. त्या वर्षी आयसीडीची सहावी आवृत्ती निघाली, नव्या जागतिक आरोग्य संघटनेच्या हाताने, आणि तिच्यात पहिल्यांदा मरणाच्या जोडीला आजारपणाची वर्गवारी आली. जिवंत माणसाचं दुखणं पुस्तकात घुसलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोलीस अॅक्शन होऊन आमचं हैदराबाद संस्थान भारतात आलं. सहाव्या आवृत्तीतच मृत्यूच्या प्रमाणपत्राचा तो प्रसिद्ध नमुनाही आला. आधी शेवटचं कारण, त्याच्या खाली ते कशामुळे, त्याच्या खाली ते कशामुळे. म्हणजे चक्क स्टॅक ट्रेस. सगळ्यात खालची ओळ ती खरी. "हृदय बंद पडले" हे कारण नव्हे, ते तर प्रत्येकाचंच पडतं.

पण हा नमुना भरायला डॉक्टर लागतो. खेड्यात माणूस घरी मरतो आणि डॉक्टर वीस किलोमीटरवर. त्यासाठी १९६० च्या दशकात आपल्या देशात एक वेगळीच सोय निघाली. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कर्मचारी ठरावीक गावांत घरोघर जाऊन विचारणार की माणूस जाण्याआधी काय होत होतं, आणि उत्तरावरून कारण ठरवणार. या यादीतले मोठे गट वाचले की आपल्याच आजीशी बोलतोय असं वाटतं. ताप. खोकला. पोटाचे विकार. बाळंतपण. अपघात. आणि म्हातारपण. होय, म्हातारपण हे मृत्यूचं स्वतंत्र कारण होतं. १९८२ पासून या योजनेचं नाव ग्रामीण मृत्यूकारण सर्वेक्षण झालं आणि १९९९ पासून ती नमुना नोंदणी पद्धतीत विलीन झाली. मला ही यादी गावठी वगैरे अजिबात वाटत नाही. डॉक्टर नसताना काय करता येईल याचं ते प्रामाणिक उत्तर होतं. पण इथेही प्रश्न एकच, माणूस कशाने गेला. जिवंतपणी काय दुखत होतं हे विचारणारं कुणी दारात येत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडेही भांडी पडली. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि सुमारे सोळा हजार जखमी. आयसीडीच्या तेव्हाच्या पुस्तकात भूकंपाच्या बळींसाठी ई ९०९ आणि पुढच्या पुस्तकात एक्स ३४ असे कोड आहेत. पण दगडमातीच्या माळवदाखालून निघालेल्या त्या हजारोंमध्ये पाठीचे किती, कमरेचे किती, कुणाला पुढे दहा वर्षं नीट बसता आलं नाही? "जखमी" या एका शब्दात सगळे. तिथे कुणाला दोष द्यायचा नाहीये, त्या वेळी जीव वाचवणं हेच काम होतं. फक्त शब्द केवढा मोठा आणि त्यातली माणसं किती वेगवेगळी, एवढंच.

आता आत्या.

माझी आत्या शिरूरलाच असते. दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे ८० च्या दशकाच्या मध्यापासून, तिला बसलं की दुखायचं. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातचं, मूल मोठं आणि फार वेळ अडलेलं. नंतर महिनाभर ती कुशीवर झोपूनच पाजायची म्हणे. पुढे ते कमी झालं पण गेलं नाही. आणि गंमत (तिला गंमत नव्हती) अशी की दिवसभर उकिडवं बसून ती खुरपणी करायची, तेव्हा काही नाही. संध्याकाळी देवळात कीर्तनाला मांडी घालून बसली की अर्ध्या तासात चुळबुळ सुरू. एसटीत तर उभीच राहायची, सीट असली तरी. मामांचं यावरचं भाष्य घरात म्हणीसारखं झालं होतं, "रानात दुखंना, कीर्तनातच बरं दुखायलंय हिचं!" सगळे हसायचे. ती पण हसायची.

ते ७२४.७ चं टेबल बघितल्यावर मी या दुखण्याबद्दल वाचायला लागलो, आणि मामांच्या त्या विनोदात अख्खं निदान आहे हे कळल्यावर मला हसू आलं नाही. उकिडवं बसलं की वजन पायांवर असतं, बुडाला जमीन लागतच नाही. मांडी घालून किंवा खुर्चीत बसलं की वजन तीन टेकूंवर येतं, दोन बाजूंची बैठकीची हाडं आणि मध्ये मागे माकडहाड. पुढे वाकलं की भार बाजूच्या हाडांवर जातो, मागे रेललं की माकडहाडावर. म्हणजे रानात न दुखणं आणि कीर्तनात दुखणं हे ढोंगाचं लक्षण नसून याच आजाराचं लक्षण आहे. दिवाळीला गेलो तेव्हा मी तिला एकच विचारलं, बसून उठताना जास्त कळ येते का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला कुणी सांगितलं रे? उठताना तर जीव जातो. बसलं की टोचायलंय, उठलं की सुरी फिरवल्यावानी."

मग लातूरला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या पिशवीत जुने कागद होते, वेगवेगळ्या ठिकाणचे, वीसेक वर्षांतले. सगळ्यांवर एकच निदान, कंबरदुखी. कॅल्शियमच्या गोळ्या, कमरेचा पट्टा, मलम. कमरेचे एक्स-रे तीन, सगळे नॉर्मल. नॉर्मलच येणार. दुखत होतं त्याच्या चार बोटं वरचे फोटो होते ते. आणि नेमकं कुठे दुखतंय हे पुरुष डॉक्टरला बोट ठेवून दाखवणं तिला शक्य नव्हतं. "कमरेत" म्हणून मोकळी व्हायची. यात डॉक्टरांचा उतावळेपणा किती आणि आपल्या भाषेतल्या लाजेचा वाटा किती, मला वाटतं निम्मं निम्मं.

या डॉक्टरांनी (वयाने माझ्याएवढेच असतील) जे केलं ते मी नंतर सिम्पसनपासून आजपर्यंतच्या लिखाणात पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्यापैकी निम्मे लोक दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि उरलेले टू-व्हीलरवर खड्ड्यांत असतात, कामी येईल.

पहिलं, विचारणं. पडलात का, बाळंतपण कसं झालं, बसल्यावर वाढतं का, उठताना कळ येते का, मागे रेललं तर वाढतं आणि पुढे झुकलं तर कमी होतं का. दुसरं, दाबून बघणं. माकडहाडाच्या टोकावर बोटाने दाबल्यावर पेशंट "हेच, हेच" म्हणाला पाहिजे; वर कमरेत दाबून तसं होत नसेल तर दुखणं कमरेचं नाही. त्यासाठी नर्सला बरोबर घेऊन, नीट समजावून सांगून तपासणं लागतं, आणि गरज पडली तर गुदमार्गातून बोट घालून ते हाड किती हलतं हे बघतात. तिसरं, फोटो. इथे एका फ्रेंच डॉक्टरचं, जाँ-इव्ह मेन्यचं, मोठं काम आहे. १९९० च्या दशकात त्याने साधी गोष्ट केली. पेशंटला दुखतं बसल्यावर, मग फोटो झोपवून का काढता? एक फोटो उभं राहून, एक बसून, जिथे दुखतं त्याच स्थितीत, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघायचे. बसल्यावर माकडहाड पाच ते पंचवीस अंशांपर्यंत वाकणं हे सर्वसाधारण. त्याहून जास्त वाकलं तर ते सैल आहे. काहींचं बसल्यावर मागे सरकतं. काहींचं हलतच नाही आणि टोकाला काट्यासारखा उंचवटा असतो. काहींच्या फोटोत काहीच सापडत नाही, तरी दुखतं. बगसारखंच आहे हे, ज्या स्थितीत क्रॅश होतो त्याच स्थितीत लॉग घ्यावा लागतो.

आत्याचं हाड बसल्यावर जेवढं वाकायला हवं त्याहून खूप जास्त वाकत होतं. अठ्ठावीस वर्षांनी ते कुणीतरी बघितलं.

उपचार ऐकून घरच्यांचा विरस झाला, कारण त्यात काही थोर नव्हतं. मागच्या बाजूने खाच कापलेली उशी, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं. (मध्ये भोक असलेली गोल रिंग मिळते, तिच्यापेक्षा ही खाचेची बरी, रिंगेत माकडहाड काठावरच टेकू शकतं.) दुखणं कमी करायच्या गोळ्या थोडे दिवस, गरम पाण्यात बसणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, फिजिओथेरपी. बहुतेकांना एवढ्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत आराम पडतो. नाही पडला तर तिथे इंजेक्शन, त्याच्या पुढे माकडहाडाजवळच्या मज्जागाठीला बधिर करणं, आणि अगदी शेवटी, निवडक पेशंटमध्ये, ते हाड काढून टाकणं, म्हणजे १८४४ चंच ऑपरेशन पण माणसासारखं. आत्याला उशी आणि दोन इंजेक्शनं लागली. उशी शिरूरच्या टेलरने फोम कापून, वर खणाचं कापड लावून शिवली.

एक सावधानतेचा शब्द, कारण हे वाचून कुणीतरी नुसती उशी घेऊन बसेल. ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, त्या भागात गाठ किंवा पू असेल, किंवा बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर हे साधं माकडहाड नव्हे. शेवटच्या प्रकारात तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पू होणारा एक प्रकार, केसांमुळे होणारं नाडीव्रण, दुसऱ्या महायुद्धात इतका माजला होता की जवळपास ८०,००० अमेरिकन सैनिकांना त्यासाठी हॉस्पिटलात ठेवावं लागलं. जीपच्या कडक सीटवर आदळून होतो म्हणून १९४४ मध्ये त्याला "जीप डिसीज" असं नावच पडलं. त्याचा कोड वेगळा, एल ०५. सैनिकांचं बूड दुखलं की त्याला नाव लगेच मिळतं, हे जाता जाता नमूद करतो.

आता परत त्या टेबलाकडे. जुन्या अमेरिकन पुस्तकात ७२४.७ खाली तीन पानं होती. ७२४.७० म्हणजे माकडहाडाचा काहीतरी विकार, तपशील नाही. ७२४.७९ म्हणजे इतर, ज्यात माकडहाडाचं दुखणं यायचं. आणि ७२४.७१ म्हणजे माकडहाडाची अतिरिक्त हालचाल. म्हणजे बरोब्बर आत्याचं निदान! साता समुद्रापार, बिलासाठी का होईना, पण कुणीतरी तिच्या नेमक्या दुखण्याला एक ओळ देऊन ठेवली होती.

१ ऑक्टोबर २०१५ ला नवं पुस्तक लागू झालं. (आधी २०१३ ठरलं होतं, मग २०१४, मग २०१५. आमच्या प्रोजेक्टची पार्टी तीनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली.) जुन्यात साधारण १४ हजार कोड होते, नव्यात ६८ हजारांच्या वर. नव्यात बदकाने टोचल्या-धडकल्याचा कोड आहे, तो पहिल्या भेटीसाठी वेगळा आणि नंतरच्या भेटीसाठी वेगळा. विमानाच्या जेट इंजिनात खेचला गेल्याचा आहे, त्यातही "पुढील भेट" आहे, म्हणजे माणूस वाचून पुन्हा डॉक्टरकडे आला! माकडहाड मोडलं असेल तर एस ३२.२, आणि शेवटच्या अक्षराप्रमाणे त्याचे सहा प्रकार. बाळंतपणात इजा झाली असेल तर ओ ७१.६ मध्ये इतर सांध्यांबरोबर त्याचंही नाव आहे. पण नुसतं दुखणाऱ्या माकडहाडाचं काय? एम ५३.३. "त्रिकास्थी आणि माकडहाडाचे विकार, इतरत्र वर्गीकरण नसलेले." एकच कोड, आणि त्यातही शेजारच्या खुब्याकडच्या सांध्याचं दुखणं भाडेकरू म्हणून. सैल माकडहाडाला आता त्याच्या नावाची ओळ नाही. शोधसूची त्याला मणक्यांच्या अस्थिरतेच्या सामायिक गटात पाठवते.

पुस्तक पाचपट झालं आणि आत्याची ओळ गेली. तेव्हा मी टीममधल्या एकाला हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "मॅपिंग क्लीन आहे ना? मग पुढे चल." बरोबरच होतं त्याचं.

तसं का झालं याचं मला पटलेलं उत्तर असं. मोडलेलं हाड फोटोत दिसतं, त्याची बाजू, प्रकार, टप्पा लिहिता येतो, म्हणून त्याला फांद्या फुटतात. कंबरदुखीचे पेशंट प्रचंड, खर्च प्रचंड, म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने एम ५४.५ या कंबरदुखीच्या कोडचेही तीन तुकडे केले. माकडहाडवाले थोडे, बहुतेक बायका, बहुतेक उशीने बरे होणारे. त्यांच्या मागे ना मृत्यू, ना मोठं बिल.

आपल्याकडे बिलाचं पुस्तक उशिरा आलं. २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमच्या शेजारचं नांदेड पहिल्याच फेरीत होतं. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. हिच्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी घरांची जमीन विकायची वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हिचीही यादी आहे ती शस्त्रक्रियांची आणि ठरलेल्या उपचारांची. काय केलं त्याला कोड. काय होतंय आणि किती वर्षं होतंय, त्याला नाही. खाच कापलेल्या उशीचं पॅकेज नसतं.

आयसीडीची अकरावी आवृत्ती २०१९ च्या मे महिन्यात मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एमजी ३०, जुनाट वेदना. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं दुखणं, आणि त्याच्या एका फांदीत तर मूळ कारण हाती लागलं नाही तरी ते दुखणं हाच आजार. १८९३ साली मेलेल्यांच्या यादीने सुरू झालेल्या पुस्तकाला इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली. २०२४ च्या जानेवारीत त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञांचा भागही जोडला गेला, तेव्हा सुश्रुताचे शब्दही आता त्याच कारखान्यात लागलेत.

आत्याच्या फाइलवर लातूरच्या त्या डॉक्टरांनी कोड लिहिला नव्हता, आपल्याकडे ओपीडीत कोण लिहितं. इंग्रजीत "कॉक्सिडिनिया, सैल माकडहाड" एवढं लिहिलं होतं. तिने तो कागद मामांना वाचून दाखवायला लावला, दोनदा. आता कीर्तनाला जाताना ती उशी काखेत मारते. शेजारच्या दोघीजणींनी आधी उशीची चौकशी केली, आणि मग आवाज खाली आणून, ती कशासाठी लागते याची.